हॉकी खेळून पुढे काय?

ऑफिसातल्या प्रिंटरचं कार्ट्रिज संपलं की तुम्ही काय करता? बहुतेक काहीच नाही. अ‍ॅडमिनला एक वैतागलेला मेल टाकता, नवं कार्ट्रिज येतं आणि जुनं कुठे गेलं हे कुणी विचारत नाही. मुंबईत मात्र एका माणसाला ही रिकामी कार्ट्रिज हवी होती. युरोपातल्या एका रिसायकलिंग कंपनीशी त्याने टाय-अप केलं होतं. शहरातली रिकामी कार्ट्रिज गोळा करायची आणि त्यातून जे पैसे येतील त्यावर पोरांसाठी हॉकी अकादमी उभी करायची, असा त्याचा प्लॅन होता. या माणसाचं नाव धनराज पिल्ले. चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, चार एशियन गेम्स, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. १९८९ ते २००४ या काळात भारताकडून ३३९ सामने. वर खेलरत्न आणि पद्मश्री.

क्रिकेटच्या एखाद्या माजी कॅप्टनला अकादमी काढायचीय आणि त्यासाठी तो तुमच्या-माझ्या ऑफिसातलं भंगार जमवतोय, असं चित्र डोळ्यासमोर आणून बघा. मला तरी आणता आलं नाही.

ही कार्ट्रिजची गोष्ट मला आठवली ती देवळ्यात. मी राहते पुण्यात, पण घर नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याचं. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा मिळून जो पट्टा होतो, त्याला आम्ही 'कसमादे' म्हणतो. कांदा, डाळिंब आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर ही आमची ओळख. गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टी टाकून गेले तेव्हा घरी वेगळाच विषय पेटला होता. माझी भाची, वय वर्षं अकरा, सॉलिड पळते. तिच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी दादाला सांगितलं होतं, की पोरीला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला बसवा. आणि जाता जाता म्हणाले, 'हॉकीत गेली तर बरंच होईल, मुलींना चान्स आहे.'

नाना, म्हणजे माझे वडील, कांद्याच्या चाळीपाशी उभे होते. चाळ भरायचं काम चालू होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, 'हाकी खेळीसन काय व्हई?'

आमच्याकडच्या बोलीत याचा अर्थ, हॉकी खेळून काय होणार? प्रश्न दादाला होता, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास कॉम केलंय, पेपरात लिहिते, म्हणजे मला माहीत असणार असा घरच्यांचा समज आहे. मला माहीत नव्हतं. सुट्टी संपवून मी भावडबारीचा घाट उतरले तेव्हा डोक्यात हाच प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर शोधायला धनराजपेक्षा चांगला माणूस कोण?

खडकीची तुटकी स्टिक

धनराज आपला पुण्याचा. १६ जुलै १९६८ ला खडकीत जन्म. घर तमिळ, वडील नागलिंगम, आई अंडालम्मा, आणि हा चौथा मुलगा. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्टाफ कॉलनीत तो वाढला. भाऊ आणि कॉलनीतली पोरं मिळून मातीच्या, पाऊस पडला की चिखलाच्या ग्राउंडवर खेळायचे. स्टिक तुटक्या, बॉल कुणीतरी टाकून दिलेले.

आपण हा भाग ऐकतो, 'बिचारा' म्हणतो आणि पुढे जातो. मी इथे थांबले. तुटकी का असेना, स्टिक त्याच्या आसपास होती! कुणीतरी आधी ती वापरून तोडलेली होती. टाकून दिलेला बॉल सापडायला आधी तो विकत घेणारं कुणीतरी गावात लागतं. खडकीत ते होतं. महाराष्ट्रातली हॉकी बघितली तर ती ठरावीक ठिकाणीच दिसते. जिथे पलटण होती, मोठी फॅक्टरी होती, रेल्वेची वसाहत होती किंवा चर्चची शाळा होती, तिथे ती रुजली. खडकी, पुण्याचा कॅम्प, मुंबईत वांद्रे. देवळ्याला यातलं काहीच नव्हतं. आमच्याकडे आजही कुणाच्या माळ्यावर तुटकी हॉकी स्टिक सापडणार नाही. (मारामारीच्या सिनेमात असते तेवढीच आम्हाला माहीत.)

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. धनराजचा मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्सकडून खेळत होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज त्याच्याकडे मुंबईला गेला. मग महिंद्र अँड महिंद्र. तिथे त्याला कोच मिळाला जोकिम कार्व्हालो, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये खेळलेला मुंबईकर. नंतर धनराज एअर इंडियात आला. ही नावं पुन्हा वाचा. यातला एकही क्लब नाही. सगळ्या कंपन्या आहेत. खत बनवणारी, जीप बनवणारी, विमान उडवणारी. आपल्याकडे हॉकीपटू हा आधी कर्मचारी असतो. त्याला पगार मिळतो तो नोकरीचा, आणि खेळायला ड्युटीतून सुट्टी. 'हाकी खेळीसन काय व्हई'चं पारंपरिक मराठी उत्तर हेच आहे: नोकरी लागेल. आमच्या नानांच्या पिढीला हे उत्तर पुरतंसुद्धा.

हॉकी खेळून थेट पैसे मिळवायचे तर बाहेर जावं लागायचं. धनराज गेला. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधलं ल्यों, जर्मनीतलं स्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले क्लब, ढाक्याचं अबाहनी, हाँगकाँगचं खालसा. त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के मोजायला मला आवडलं असतं. आजच्या आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस वर्षानुवर्षं ऑनसाइट होता.

युरोपातल्या क्लबांचा एक फंडा मला फार आवडतो. तिथे मोठ्या टीमचा खेळाडू बऱ्याचदा क्लबच्या बारक्या पोरांना शिकवतोही. शनिवार-रविवारी तो मॅच खेळतो आणि मधल्या एखाद्या संध्याकाळी आठ-दहा वर्षांच्या पोरांना स्टिक कशी धरायची ते दाखवतो. म्हणजे खेळणं आणि शिकवणं ही एकाच माणसाच्या एकाच आठवड्यातली दोन कामं. आपल्याकडे आधी खेळा, मग रिटायर व्हा आणि मग कुणी बोलावलं तर शिकवा. मधली पंधरा वर्षं त्याच्या हातात जे असतं ते कुणाकडेच जात नाही.

आणि बोलावणारेही कसे असतात बघा. १९९८ मध्ये बँकॉकला धनराजच्या कॅप्टनशिपखाली भारताने एशियन गेम्सचं गोल्ड जिंकलं, तब्बल ३२ वर्षांनी. फायनलला कोरियाला टायब्रेकरमध्ये हरवलं. त्यानंतर टीम निवडली तेव्हा धनराज आणि आणखी सहा सीनियर खेळाडू बाहेर! कारण सांगितलं गेलं, विश्रांती. खेळाडूंनी पैशांबद्दल आणि दौऱ्यांबद्दल तोंड उघडलं होतं, त्याची ही शिक्षा असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. आपल्यापैकी ज्यांनी अप्रेझलच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. धनराजने भारतासाठी किती गोल केले? फेडरेशनकडे त्याची अधिकृत नोंदच नाही. खेळाडू आणि आकडेवारी ठेवणारे लोक अंदाजाने १७० च्या वर सांगतात. सचिनच्या प्रत्येक रनचा हिशेब शाळकरी पोराला पाठ असलेल्या देशात ही अवस्था.

कोच नावाची नोकरी

रिटायर होऊन आपल्याच देशात कोच होणं म्हणजे काय, हे धनराजच्या आधी त्याच्या कोचने अनुभवलं. कार्व्हालो २००७ मध्ये भारतीय टीमचा कोच झाला. त्याच वर्षी चेन्नईत आशिया कपच्या फायनलला भारताने कोरियाला ७-२ असं धुतलं. तेव्हाच 'चक दे! इंडिया' आला होता आणि अख्ख्या देशाला अचानक हॉकी आठवली होती. (त्या सिनेमातल्या कबीर खानमागे मीररंजन नेगीची थोडी सावली आहे. १९८२ च्या एशियाडमध्ये पाकिस्तानकडून १-७ हरलेला गोलकीपर, जो पुढे बँकॉकच्या १९९८ च्या गोल्डवाल्या टीमचा गोलकीपिंग कोच झाला.) कार्व्हालोच्या गोष्टीचा शेवट मात्र सिनेमासारखा झाला नाही. मार्च २००८ मध्ये चिलीच्या सांतियागोत ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेची फायनल भारत ब्रिटनकडून ०-२ हरला. १९२८ पासून पहिल्यांदाच भारताची हॉकी टीम ऑलिम्पिकला जाणार नव्हती. कार्व्हालोने राजीनामा दिला.

एका मॅचमध्ये ऐंशी वर्षांचा हिशेब एका माणसाच्या डोक्यावर. बाहेरच्या कोचचं एक बरं असतं, तो हरला की विमानात बसतो. अथेन्सला २००४ मध्ये, धनराजच्या शेवटच्या ऑलिम्पिकला, जर्मनीचा गेरहार्ड राख ऐनवेळी कोच म्हणून आणला होता. भारत सातवा आला, राख घरी गेला. कार्व्हालोला मात्र त्याच मुंबईत राहायचं होतं. माझ्या मते इथल्या माणसाने इथे कोच होण्यातली खरी रिस्क ही आहे. पगार, टर्फ वगैरे नंतर येतं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. भारताचा कॅप्टन राहिलेला मुंबईचा व्हिरेन रस्किन्हा २००८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हॉकी सोडून हैदराबादच्या आयएसबीत एमबीए करायला गेला. पुढे ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट ही संस्था त्याने सांभाळली आणि कितीतरी खेळाडूंना मदत मिळवून दिली. आपल्या वाचकांना हा करिअर ग्राफ लगेच कळेल. मलाही कळतो. पण भारताचा हाफबॅक सत्ताविशीत कॅट-जीमॅटच्या रस्त्याला लागतो, तेव्हा त्या खेळाबद्दल नानांना पडलेला प्रश्न त्यालाही पडलेला असणार, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

धनराजने तो रस्ता घेतला नाही. काही काळ तो भारतीय टीमचा मॅनेजर होता, मुंबईत अकादमीच्या मागे लागला, आणि नंतर गुजरातच्या क्रीडा प्राधिकरणाच्या अकादमीत मुलांना शिकवायला गेला. खडकीचा माणूस गुजरातेत, जिथे हॉकीची फारशी परंपराही नाही. मला आधी याचं वाईट वाटलं, मग थोडं थांबून विचार केला. टाकून दिलेले बॉल जिथे आधीपासून पडलेत तिथे शिकवणं सोपं आहे. जिथे ते कधी नव्हतेच तिथे एवढा मोठा खेळाडू जातो, तेव्हा बॉल तिथेही पडायला लागतात.

आणि मोठा खेळाडूच लागतो असंही नाही. मुंबईत मर्झबान पटेल आहेत, सगळे त्यांना 'बावा' म्हणतात. मरीन लाइन्सच्या अवर लेडी ऑफ डोलर्स शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना हॉकी शिकवली. भारताची जर्सी त्यांनी कधी घातली नाही, पण रस्किन्हा, गोलकीपर एड्रियन डिसूझा, युवराज वाल्मीकी ही मंडळी त्यांच्या हाताखालून गेली. २०१९ मध्ये त्यांना द्रोणाचार्य मिळाला. एका शाळेच्या ग्राउंडवरून एवढे खेळाडू. म्हणजे आपल्याकडे टॅलेंटचा दुष्काळ कधीच नव्हता. बावांचा आहे.

फलटणचं काय झालं?

एवढं सगळं वाचून मी दादाला फोन केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की चित्र फार गुलाबी नाही. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, म्हणजे धनराजची ती सरकारी विमान कंपनी आता सरकारी राहिली नाही. हॉकी इंडिया लीग २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ टीममध्ये महाराष्ट्राची एकही नव्हती. पूर्वी मराठा वॉरियर्स होती, नंतर मुंबईच्या टीम होत्या. यंदा टीव्हीवर आपली म्हणावी अशी कुणी नाही, असं त्या सीझनला वाटलं.

मग मला फलटण सापडलं.

सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका. तिथेही पलटण नाही, चर्चची जुनी शाळा नाही. पण तिथल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताकडून खेळली. वाखरीची अक्षता ढेकळे खेळली. सातारा जिल्ह्यातलीच ऋतुजा पिसाळ २०२३ च्या ज्युनियर वर्ल्ड कपला होती. आणि हा वर्ल्ड कप कुठे झाला माहितीये? सांतियागोत. कार्व्हालोचं स्वप्न जिथे संपलं त्याच शहरात पंधरा वर्षांनी एक साताऱ्याची पोरगी खेळत होती, आणि त्या टीमचा कोच होता तुषार खांडकर. झाशीचा, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला खेळलेला फॉरवर्ड. म्हणजे माजी खेळाडू आपल्याच देशात शिकवतोय आणि समोर आपल्याकडची पोरगी आहे. पॅरिसनंतर श्रीजेशने गोलकीपरचे पॅड काढले आणि तो थेट ज्युनियर मुलांचा कोच झाला, तेही याच धर्तीवर. टोकियो आणि पॅरिसची दोन ब्राँझ आपण ऑस्ट्रेलियन आणि दक्षिण आफ्रिकन कोचच्या हाताखाली जिंकली हे खरं. पण खालच्या वर्गाचे मास्तर आता आपले आहेत.

फलटणच्या पोरींना पुढे नेणाऱ्या गोष्टींमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येतं: क्रीडा प्रबोधिनी. तेच, जे पीटीच्या सरांनी दादाला सांगितलं होतं. राज्य सरकारची ही निवासी योजना. राहणं, जेवण, शिक्षण आणि कोच, सगळं सरकारकडून. आणि तिच्या चाचणीत हॉकी येत नाही! तीस मीटर धावणं, आठशे मीटर धावणं, उभं राहून उडी, मेडिसिन बॉल फेकणं, उंची, वजन, लवचिकता. म्हणजे पोराने आयुष्यात स्टिक बघितली नसली तरी चालतं. शरीर काय सांगतंय ते आधी बघायचं, खेळ नंतर ठरवायचा.

दादा म्हणाला, 'म्हणजे दत्तूसारखं?'

दत्तू भोकनळ आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा. ज्या भागात पाण्यासाठी विहिरी खणायच्या, तिथला हा पोरगा लष्करात गेला, पुण्यात त्याच्या हातात वल्ही आली आणि तो २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला रोइंग करून आला. २०१८ ला एशियन गेम्सचं गोल्ड. आमच्याकडे दत्तूचं नाव घेतलं की वाद संपतात. कोरड्या गावचा पोरगा बोट वल्हवू शकतो, तर देवळ्याची पोरगी हॉकी का खेळू शकत नाही? फक्त कुणीतरी तिला स्टिकपर्यंत न्यायला हवं. गंमत म्हणजे हॉकीचं टर्फही पाणी मारून ओलं ठेवावं लागतं. हे मी नानांना मुद्दाम सांगितलं नाही. टँकरच्या दिवसांत गवतही नसलेल्या ग्राउंडला पाणी पाजतात म्हटलं असतं तर विषय तिथेच बंद झाला असता.

त्याऐवजी मी त्यांना दुसरं सांगितलं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेही घेते. आणि खेळणं संपल्यावर शिकवता येतं, हे आता लोकांना कळायला लागलंय. ही शेवटची ओळ बोलताना मी जरा जास्तच जोर लावला असावा, कारण नाना म्हणाले, 'त्या पिल्लेला इथं आणशील का मग?'

मी म्हटलं, 'तो गुजरातेत गेला होता शिकवायला.'

'गुजरात काय लांब आहे?' नाना म्हणाले. खरंय. देवळ्याहून सटाणा, सटाण्याहून ताहाराबाद, पिंपळनेर, नवापूर आणि पुढे गुजरात. आमचं डाळिंब त्या रस्त्याने कायम जातं.

भाचीचा फॉर्म भरलाय. तीस मीटरची तिला काळजी नाही, आठशेची आहे, कारण आठशेला पोटात दुखतं म्हणते. रोज संध्याकाळी ती मळ्याकडच्या रस्त्यावर पळते. दादा मोबाइलवर वेळ लावतो. मागच्या रविवारी नानांनी फोन केला आणि बाकी काही न विचारता एकच विचारलं, 'तिथं होस्टेलात बाजरीनी भाकर भेटी का?' पुण्यातल्या प्रबोधिनीत जेवायला काय असतं ते विचारून सांगते, म्हटलं. उद्या विचारणार आहे.